आईची तहान आणि रोमचे पाणी

परदेशी सहलीला निघण्यापूर्वी ज्येष्ठ मंडळी आवर्जून दवाखान्यात येतात. रक्तदाब तपासून घेतात, गोळ्या किती दिवसांच्या न्याव्यात हे विचारतात, विमानात पाय सुजतील का अशी शंका काढतात. अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायात एक प्रश्न मात्र मला क्वचितच कोणी विचारला आहे : वाटेत लघवीला लागले तर काय करायचे? प्रश्न मनात नसतो असे नाही; तो ओठांवर येत नाही. त्याचे उत्तर त्यांनी स्वतःपुरते आधीच ठरवलेले असते. पाणीच प्यायचे नाही!

या उत्तराची किंमत काय असते, हे गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस रोममध्ये घालवलेल्या एका दिवसात मला अगदी जवळून पाहावयास मिळाले. माझी कन्या शिक्षणासाठी इटलीत आहे. तिच्याकडे आम्ही पतिपत्नी आणि माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई असे तिघे गेलो होतो. आईचे गुडघे झिजलेले आहेत. रक्तदाबासाठी ती रोज सकाळी जी गोळी घेते, तिच्यात लघवीवाटे पाणी काढणारे औषधही आहे.

सकाळी नऊला आम्ही कोलोसियमला पोहोचलो. सम्राट व्हेस्पासियनने बांधावयास घेतलेले हे भव्य प्रेक्षागार त्याचा मुलगा टायटस याने इसवी सन ८० मध्ये लोकांसाठी खुले केले. आत वरच्या मजल्यावर नेणारी लिफ्ट आहे, त्यामुळे आईला ते उंच जिने चढावे लागले नाहीत. तासाभराने बाहेर आलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. जवळच पाण्याचा नळ होता. रोममध्ये रस्तोरस्ती बिडाचे बुटके खांब दिसतात आणि त्यांच्या वाकड्या तोटीतून गार पाणी अखंड वाहत असते. १८७४ पासून बसवलेले असे सुमारे अडीच हजार नळ शहरात आहेत. तोटीच्या आकारामुळे लोक त्यांना ‘नासोने’, म्हणजे मोठे नाक, म्हणतात. पाणी पिण्यायोग्य असते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आम्ही सगळे प्यायलो. आईने मान हलवली. “मला तहानच नाही रे.” काही वेळाने ती दगडी कट्ट्यावरून उठली आणि उठताच तिचा तोल गेला. मी तिला पुन्हा बसवले. नाडी जलद होती, जीभ कोरडी पडली होती. “अंधारी आली थोडी, एवढंच,” ती म्हणाली. आदल्या दिवसापासून ती घोट मोजून पाणी पीत होती, हे माझ्या पत्नीच्याही ध्यानात आले होते.

उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते; शरीराला पाणी कमी पडले तरी घसा ते सांगत नाही. त्यात गोळी पाणी बाहेर काढते, ऊन घामावाटे काढते आणि माणूस वरून भर घालत नाही. मग उभे राहताना रक्तदाब एकदम उतरतो. चक्कर येते, पाय घसरतो आणि सहल खुब्याच्या अस्थिभंगावर संपू शकते. काहींना नुसता गोंधळ उडाल्यासारखे होते. घरची मंडळी त्याला वयाचा परिणाम समजतात.

हे सारे आईला ठाऊक आहे. डॉक्टरची आई आहे ती. म्हणून मी उपदेश केला नाही. तो भार माझ्या कन्येने निराळ्याच रीतीने उचलला. आजीशेजारी बसून ती म्हणाली, “आजी, हे ज्यानं बांधायला घेतलं ना, त्या राजानं मुतारीवर कर बसवला होता.” आई चकित झाली. गोष्ट खरी आहे. प्राचीन रोममध्ये सार्वजनिक मुताऱ्यांतील मूत्र कापड धुणारे आणि कातडी कमावणारे विकत घेत. व्हेस्पासियनने त्यावर कर लावला. टायटसला तो प्रकार किळसवाणा वाटला. तेव्हा बापाने त्या करातून आलेले नाणे मुलाच्या नाकाशी धरून विचारले, याला वास येतो का? पुढे इटलीत सार्वजनिक मुतारीला या सम्राटाचेच नाव पडले.

आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि त्या हसण्याच्या ओघातच म्हणून गेली, “मलाही मघापासून जायचंय. पण तुम्हा सगळ्यांना माझ्यापायी कुठं कुठं शोधत हिंडवू?”

तिच्या पिढीतील स्त्रियांनी ही सवय हौसेने लावून घेतलेली नाही. एस.टी.च्या दिवसभराच्या प्रवासात, लग्नघरी, यात्रेत आडोसा मिळण्याची खात्री नसे. म्हणून घराबाहेर पडताना पाणी सोडायचे, हे त्या मुलीपणीच शिकल्या. साठ वर्षे मुरलेली ही शिस्त रोमला आल्याने सुटत नाही. उलट, परक्या मुलखात आपण कोणाला ओझे होऊ नये ही धास्ती तिला अधिकच बळ देते.

आम्ही समोरच्या कॉफीच्या दुकानात गेलो. इटलीत असे दुकान ‘बार’ म्हणून ओळखले जाते. तेथे उभ्याने कॉफी घेतली तर स्वस्त आणि टेबलाशी बसून घेतली तर बहुधा महाग पडते. गिऱ्हाइकाला स्वच्छतागृह वापरता येते. बसण्याचे ते जादा पैसे त्या दिवशीचा सर्वांत योग्य खर्च ठरला. आई निवांत जाऊन आली, मग अर्ध्या तासात थोडे थोडे करून दोन ग्लास पाणी प्यायली. नाडी पूर्ववत झाली.

कन्येने केलेल्या यादीत नऊ ठिकाणे होती. त्यांतील दोनच ठेवली. टॅक्सीने पँथिऑनला गेलो. सम्राट हेड्रियनच्या काळातील या वास्तूचा घुमट ४३ मीटरहून अधिक व्यासाचा आहे आणि त्याच्या मध्यावर आभाळाला उघडे असे वर्तुळ आहे. पाऊस आत येतो आणि जमिनीतील छिद्रांवाटे निघून जातो. बाकावर बसून आईने तो उजेडाचा झोत बराच वेळ पाहिला. “गाभाऱ्यात आभाळ ठेवलंय,” ती म्हणाली. बाहेर पडल्यावर कन्येने तिला नळाची एक युक्ती दाखवली. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार उसळते. फारसे वाकावे लागत नाही. आईने ती तीनदा करून पाहिली आणि प्रत्येक वेळी पाणी प्यायली.

ज्येष्ठांना घेऊन फिरणाऱ्यांना यातून एवढेच सांगावेसे वाटते. “तहान लागली का?” असे विचारू नये, पाण्याचा पेला हाती द्यावा. “जायचंय का?” असेही विचारू नये, कारण उत्तर ‘नाही’ असेच येते. “मी जाऊन येतेय, तुम्हीही चला,” असे सोबतच्या स्त्रीने म्हणावे. दर दीड-दोन तासांनी असा थांबा ठरलेलाच असावा, म्हणजे तो कोणा एकासाठी घेतला असे वाटत नाही. लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद करू नये. फिरण्याच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. भारत आणि इटली यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक पडतो, तोही तेव्हाच हिशेबात घ्यावा. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिलेले आहे, त्यांनी ते माप पाळावे.

संध्याकाळी आम्ही टायबर नदीतील छोट्या बेटावर गेलो. प्राचीन काळी रोममध्ये साथ पसरली तेव्हा ग्रीसहून वैद्यकदेवता एस्क्युलापियसचा सर्प आणला आणि तो याच बेटावर उतरला, अशी दंतकथा आहे. तेथे त्या देवाचे मंदिर उभे राहिले. १५८५ पासून तेथे रुग्णालय आहे आणि ते आजही चालू आहे. मी त्या इमारतीकडे पाहत रेंगाळलो होतो. आईने माझ्या बाहीला हात लावला आणि आजूबाजूला माणसे असूनही स्वच्छ आवाजात म्हणाली, “दवाखाना नंतर बघ. आधी मला जायचंय, ते कुठं आहे विचार.”