अहिल्यानगरचे रणगाडे आणि मातीचा रंग

पुण्याहून ईशान्येकडे सुमारे १२० किलोमीटर गेले की अहिल्यानगर लागते. आपणांपैकी पुष्कळांना हे शहर अहमदनगर या जुन्या नावानेच अधिक परिचित असेल. निजामशाहीची ही राजधानी. येथील भुईकोट किल्ल्यात १९४४ साली, बंदिवासात असताना, पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. किल्ला पाहावा, टेकडीवरील सलाबतखानाची कबरही पाहावी. परंतु घरात लहान आकाराच्या सैनिकी गाड्या जुळवून रंगविण्याचा छंद असलेली मुले, किंवा मोठी माणसे, असतील, तर त्यांना आणखी एका ठिकाणी अवश्य न्यावे. ते ठिकाण म्हणजे येथील रणगाडा संग्रहालय.

भारतीय सेनेच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे. त्या केंद्राने उभारलेले हे संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये खुले झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून आवडीच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘विजयंत’पर्यंत रणगाड्यांची एक वंशावळच येथे मांडलेली आहे. ब्रिटिशांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, अमेरिकनांचा स्टुअर्ट, जपान्यांचा ची-हा, जर्मनांची आठ चाकी चिलखती गाडी, आणि १९६५ च्या युद्धात हाती आलेला पॅटन, असे एकेकाळचे मित्र व शत्रू येथे शेजारी शेजारी विसावले आहेत.

छंदी मनुष्य येथे आला की प्रथम वही आणि कॅमेरा काढतो. घरी टेबलावर माटिल्डाचा सांगाडा चिकटवून तयार असतो आणि प्रश्न एकच उरलेला असतो: याला रंग कोणता द्यावा? समोर खरी गाडी उभी आहे. तिचा रंग पाहावा, तसाच डबीत मिसळावा आणि मोकळे व्हावे, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण, वाचकहो, सावधगिरी बाळगायची ती नेमकी येथेच.

खुल्या मैदानात उभ्या असलेल्या लोखंडाला ऊन, पाऊस आणि गंज यांपासून वाचवावयाचे तर त्याला वेळोवेळी नवा रंग द्यावाच लागतो. जगातील कोणतेही संग्रहालय याला अपवाद नाही. म्हणून संग्रहालयातील गाडीची बांधणी, तिचे खिळे, साखळ्या, झाकणे हे सारे अस्सल असते. रंग मात्र बहुधा त्या गाडीच्या निवृत्तीतला असतो, तिच्या लढाईतला नसतो. माप समोरच्या गाडीवरून घ्यावे, रंग मात्र इतिहासाला विचारून ठरवावा.

माटिल्डाचेच उदाहरण घेऊ. ९ डिसेंबर १९४० रोजी इजिप्तच्या वाळवंटात निबेवा येथील इटालियन छावणीवर जो हल्ला झाला, त्यात पुढे माटिल्डा रणगाडे होते आणि त्यांच्याबरोबर आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान होते. त्या काळी वाळवंटातील ब्रिटिश रणगाड्यांवर तीन रंगांचे, सरळ कडांचे तिरपे पट्टे असत. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. छायाचित्रे उपलब्ध होती, पण ती कृष्णधवल. त्यांतील मधला रंग कोणता, हे कसे कळावे? कोणीतरी तो फिकट निळा असल्याचे ठरविले. ब्रिटनमध्ये संग्रहालयातील गाड्यांवर तो निळा चढला, तेथून तो खेळण्यांच्या खोक्यांवर आणि पुस्तकांत गेला, आणि जगभरच्या छंदी मंडळींनी अनेक वर्षे आकाशी पट्ट्यांचे माटिल्डा रंगविले. पुढे अभ्यासकांनी त्या वेळचे लष्करी आदेश आणि ब्रिटिश रंगपत्रके धुंडाळली, तेव्हा उलगडा झाला. ते रंग फिकट दगडी, रुपेरी करडा आणि पाटीसारखा गडद करडा असे होते. आकाशी निळ्याचा त्यांत संबंध नव्हता. एका संग्रहालयातील चूक हजारो घरांच्या कपाटांत जाऊन बसली ती अशी.

इतर गाड्यांनाही असाच प्रश्न विचारावा: कोणते वर्ष, कोणती भूमी? जर्मन गाडी युद्धाच्या आरंभी गडद करड्या रंगाची असे. १९४१ मध्ये आफ्रिकेत गेलेल्या गाड्यांसाठी पिवळसर तपकिरी रंगाचा आदेश निघाला. आणि फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळा हाच पायाभूत रंग ठरला. जपानी ची-हावर आरंभीच्या काळात तपकिरी व हिरव्या ठिगळांमधून पिवळा पट्टा नागमोडी जात असे. पुढे तो नाहीसा झाला. अमेरिकनांचा प्रसिद्ध ‘ऑलिव्ह ड्रॅब’ तर मोठा गमतीचा रंग. तो पिवळ्या गेरूत काळा मिसळून बनविला जाई. म्हणूनच तो कधी हिरवा भासतो, तर कधी तपकिरी.

आणि शेवटी सर्व रंगांवर एक रंग चढतोच, तो मातीचा. ‘खाकी’ हा शब्द जगाला आपल्याच भूमीने दिला. खाक म्हणजे धूळ. पेशावर येथे १८४६ साली उभारलेल्या गाइड्स दलाने हा धुळीचा रंग अंगावर घेतला आणि तेथून तो जगभरच्या सैन्यांत पसरला. सैनिकाने जमिनीचा रंग पांघरावा, ही कल्पना येथे रुजली. तेव्हा लहान रणगाडा रंगविताना जमिनीला विसरून कसे चालेल? सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे जी लढाई झाली, तेथे उसाच्या शेतांत पाणी सोडलेले होते आणि त्या चिखलात शत्रूचे पॅटन रुतले. त्या लढाईतला पॅटन कोरडा आणि चकचकीत दाखविला, तर रंगाचा क्रमांक अचूक असूनही चित्र खोटे ठरेल. चाकांवर व साखळ्यांवर पंजाबचा भुरकट गाळ हवा. नगरच्या काळ्या जमिनीचा रंग तेथे चालणार नाही.

घरी परतल्यावर लक्षात ठेवण्यासारख्या काही व्यावहारिक गोष्टीही आहेत. एकास पस्तीस या प्रमाणात साडेपाच मीटरांचा माटिल्डा जेमतेम १६ सेंटिमीटर भरतो. एका फुटावरून तो पाहणे म्हणजे खरी गाडी ३५ फुटांवरून पाहणे होय. अंतरामुळे रंग फिका दिसतो. म्हणून अस्सल रंगातही थोडा पांढरा किंवा फिकट पिवळट रंग मिसळून तो किंचित उजळावा. प्रमाण जितके लहान, तितकी ही उजळणी थोडी अधिक. रंग बिनचकाकीचा असावा, थर पातळ असावेत. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. आधी टाकाऊ तुकड्यावर रंग लावावा, पुरता वाळू द्यावा आणि खिडकीतल्या दिवसाच्या उजेडात पाहून मगच निर्णय घ्यावा. दिव्याखाली पसंत केलेला हिरवा सकाळी निराळाच दिसतो. झाकण उघडे दाखवायचे असेल तर पुष्कळशा गाड्यांचा आतला भाग पांढरा असे, हेही ध्यानात ठेवावे. कोंदट जागेत थोडासा उजेडही चालकाला व तोफचीला मोलाचा वाटे.

इतकी यातायात एका खेळण्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. पण ज्याने एका माटिल्डाचा रंग ठरविण्यासाठी वर्ष शोधले, नकाशा पाहिला आणि आदेश वाचला, त्याला निबेवा कोठे आहे आणि तेथे आपली माणसे का गेली होती, हे वेगळे शिकवावे लागत नाही. त्या पोलादी पेटीत माणसे बसली होती, आणि कित्येक परतली नाहीत. त्यांच्याविषयी आपण जे थोडेसे सांगू शकतो ते तरी खरे असावे, एवढीच या छंदाची मागणी आहे. म्हणून अहिल्यानगरला जाल तेव्हा मुलांना केवळ ‘हा रंग पाहा’ म्हणू नका. ‘हा रंग कधीचा?’ असे विचारायला शिकवा.