म्हातारी, भोपळा आणि अथेन्स

‘अथेन्सला जाऊन आले’ असे मी स्टाफरूममध्ये सांगितले, तेव्हा इतिहासाच्या प्राध्यापकांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांना वाटले, मी सॉक्रेटिसाच्या गावची माती कपाळाला लावून आले! खुलासा करणे भागच होते. माझे अथेन्स ग्रीसमधले नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातले. 1785 साली सनद मिळालेले विद्यापीठ हे त्या गावाचे भूषण. माझा धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे. पण 2023 च्या मे महिन्यात मी गेले ती विद्यापीठ पाहायला नव्हे, आईला परत आणायला.

आमचे वडील 2022 साली गेले. देवरुखचे घर बंद करून मार्चमध्ये आई सहा महिन्यांच्या मुक्कामाला भावाकडे गेली. ‘राहून तर पाहा, मग ठरवू,’ असे आम्ही भावंडांनीच ठरवून टाकले होते. दोन महिन्यांत तिचा फोन आला, “मला घेऊन जा गं. इथे भाजीसुद्धा ओळखीची नाही.” सुटी लागताच मी निघाले. परतीची दोन तिकिटे पर्समध्ये होती.

गाडीतून उतरले आणि थबकलेच. माती तांबडी! थेट आपल्या रत्नागिरीकडची. त्या मातीत भावाने एप्रिलमध्ये लावलेली तीन रोपे फोफावली होती. पाने भोपळ्याची, फुले भोपळ्याची, पण वेल मात्र नाही, झुडूपच. पानांआड पिवळीधमक फळे, बदकासारखी मान वाकडी केलेली. “हा स्क्वॉश,” भावजय म्हणाली. स्क्वॉश म्हटले की मला लिंबाचे सरबत आठवायचे! तिकडचे मूळचे रहिवासी असलेल्या नॅरागान्सेट लोकांच्या भाषेतला हा शब्द. मूळ अर्थ ‘कच्चे खाण्याजोगे’. मका, घेवडा आणि हा भोपळा यांना तिथे ‘तीन बहिणी’ म्हणतात. मक्यावर घेवडा चढतो आणि भोपळ्याची रुंद पाने खालची जमीन झाकतात.

त्या रात्री भावजयीने दुध्यासारखी फोडणी देऊन, पाणी घालून, कुकरला शिट्ट्या करून त्याची भाजी केली. झाकण उघडले तेव्हा आत पिवळी पेज होती. आईने ताटातली भाजी बोटाने बाजूला सारली. काही बोलली नाही. तिचे ते न बोलणेच भावाला लागत होते.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाई टोपली घेऊन दारात उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, एकट्याच राहणाऱ्या. हंगामात ही भाजी इतकी येते की लोक एकमेकांच्या दाराशी ठेवून जातात. आईचा चेहरा पाहून त्यांनी आम्हांला आपल्या स्वयंपाकघरात नेले. तिकडे ही भाजी पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी लोणी काढले. तवा चुलीवर ठेवला आणि आई एकदम म्हणाली, “अगं, हा बिडाचा!” त्या घरात आईने ओळखलेली ती पहिली वस्तू.

बाईंनी साल न काढता चकत्या केल्या. लोण्यावर कांदा मऊ केला, चकत्या टाकल्या आणि मंद आचेवर झाकण न घालता शिजू दिल्या. पाण्याचा थेंब नाही. मीठ अगदी शेवटी. या फळात बहुतेक पाणीच असते, मीठ आधी पडले की ते सगळे बाहेर येते. काही चकत्या मक्याच्या पिठात घोळवून तळल्या. आईने एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि मला म्हणाली, “हे काप आहेत. फक्त तिखट विसरल्या बिचाऱ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ओट्याशी आई. प्रत्येक फळाचा तुकडा ती आधी चाखून पाही; कडू निघाले तर सरळ फेकून देई. कडू काकडी आणि दोडका जसा आपण टाकतो तसाच. कडू फळ पोटाला बाधते. मग रोज एक प्रकार निघू लागला. तांदळाची पिठी, हळद, तिखट लावलेले काप. भिजवलेली चण्याची डाळ वाफवून घेऊन, वर ओले खोबरे पेरलेली भाजी. मोठ्या आचेवर परतून बेसन भुरभुरलेली पीठ पेरून केलेली भाजी. सुटलेले पाणी बेसन शोषून घेते. किसून, पिळून थालीपीठ. आणि पिळलेल्या पाण्यातच पीठ मळायचे, ओतून द्यायचे नाही.

एक फळ पानांआड दडून हातभर वाढले. शेजारीणबाई म्हणाल्या, एवढे जून झाले की टाकायचे. आईने ते चिरून बिया काढल्या, साल काढली, गर किसला; रवा, गूळ, खोबरे, वेलची घातली आणि ओव्हनमध्ये ठेवले. तवशाचे धोंडस! देवरुखला ती पातेल्याच्या खाली-वर निखारे ठेवून करायची. त्या दिवशी टोपली पहिल्यांदा आमच्या घरातून शेजारी गेली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रोपे अचानक माना टाकू लागली. बुंध्याशी भुसा पडला होता, खोडकिडा. परत निघायला चार दिवस होते. मला वाटले, बरेच झाले, मागे ओढणारे काही उरले नाही. संध्याकाळी पाहते तो आई वाकून तांबड्या मातीत नवे बी टोचत होती. “पन्नास दिवसांत फळ येतं म्हणतात. तू जा पुढं.”

“अगं, पण तिकीट?”

“तिकीट तुम्ही काढलंत. मला कुणी विचारलं होतं?”

मी एकटीच परतले. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. पुण्याच्या दोन खोल्यांत तिची सोय कशी करायची, हे कोडे महिनाभर माझ्या उशाशी होते. आणि हायसे वाटल्याची लाजही वाटली.

ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात आई परत आली. पुण्याला दोन दिवस राहिली आणि देवरुखचे घर उघडायला निघाली. कुणाकडे राहायचे यावर आम्ही भावंडे फोनवर रात्री घालवीत होतो. तिला हवी होती ती कुणाची सोय नव्हे, स्वतःच्या हाताखालची चूल. इथे असो वा तिथे. भोपळ्यात बसून जाणारी गोष्टीतली म्हातारी लेकीकडे जाते आणि परतही येते. तिचा भोपळा कोण हाकतो, हे मात्र लहानपणी मी कधी विचारले नव्हते.