तीन इवलेसे शब्द

इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारा शब्द ‘द’ हा आहे. त्याच्या जोडीला ‘अ’ आणि ‘ॲन’ धरले, तर या तिघांवाचून इंग्रजीचे एक पानही पुढे सरकणार नाही. व्याकरणात त्यांना उपपदे म्हणतात. मराठीत अशी उपपदे नाहीत. म्हणून उत्तरपत्रिका तपासताना आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांची सर्वांत जास्त लाल शाई खर्ची पडते, ती या तीन इवल्याशा शब्दांवर. लांबलचक स्पेलिंगे बिनचूक लिहिणारा विद्यार्थीही येथे अडखळतो. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा मोठ्या विषयांकडे न वळता याच लहान विषयावर लिहावे असे मला वाटले.

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. तरीही आमच्या वसतिगृहात येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरात इंग्रजी वाचणारे ते मूल पहिलेच असते. अशा मुलाला नियम सांगितले जातात: प्रथम उल्लेखाला ‘अ’, पुन्हा उल्लेखाला ‘द’, सूर्य, चंद्र, पृथ्वी यांना ‘द’, नद्यांच्या नावांना ‘द’, एकेकट्या शिखराला काहीच नाही. म्हणजे गोदावरीला ‘द’ हवा आणि कळसूबाईला नको. मूल हे पाठ करते, रिकाम्या जागा भरते, गुणही मिळवते. परंतु बोलायला उभे केले की गप्प होते. ही भाषा दुसऱ्यांच्या घरची आहे आणि तिच्या खाणाखुणा त्या घरातल्यांनाच ठाऊक आहेत, असा समज त्याच्या मनात घट्ट बसलेला असतो. माझ्या मते उपपदांच्या अध्यापनातील खरी अडचण या समजाची आहे, नियमांची नव्हे.

तो समज खरा नाही. उपपदे मराठीत नसली, तरी ती जो भेद दाखवतात तो भेद मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. ‘खोलीत मुलगा आहे’ आणि ‘मुलगा खोलीत आहे’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. पहिल्यात कोणी एक मुलगा आहे, म्हणून ‘अ बॉय’. दुसऱ्यात आपण ज्याच्याविषयी बोलत होतो तो आहे, म्हणून ‘द बॉय’. ‘डॉक्टर बोलवा’ म्हटले तर कोणीही डॉक्टर चालेल. ‘डॉक्टरांना बोलवा’ म्हटले तर आपले नेहमीचे डॉक्टर हवेत. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा आणि चिमणी पहिल्यांदा येतात ती ‘एक’ घेऊन. पुढे कोणतीही आजी तो ‘एक’ पुन्हा लावत नाही. इंग्रजी जे काम तीन शब्दांकडून करवून घेते, ते मराठी शब्दांच्या क्रमाकडून, ‘ला’ आणि ‘ना’ या प्रत्ययांकडून, ‘एक’ आणि ‘तो’ यांच्याकडून करवून घेते. मुलांसमोर ही वाक्ये फळ्यावर लिहिली की त्यांच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटते, ती कोणत्याही नियमाने उमटत नाही.

या भेदाचे मूळ एका प्रश्नात आहे: आपण कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहोत, हे ऐकणाऱ्याला कळेल का? कळणार असेल तर ‘द’; कळणार नसेल, किंवा कोणतीही एक चालणार असेल, तर ‘अ’. हा प्रश्न मी खेळातून शिकवतो. वसतिगृहाच्या न्हाणीघरात बादल्यांची रांग असते. ‘ब्रिंग अ बकेट’ म्हटले की मुलाने हाताला येईल ती बादली आणावी. ‘ब्रिंग द बकेट’ म्हटले आणि कोणती ते ठरलेले नसेल, तर त्याने जागेवरून हलू नये आणि ‘विच बकेट?’ असे मला विचारावे. शिक्षकाला उलट प्रश्न विचारण्याची परवानगी व्याकरणानेच दिली, याचे मुलांना मोठे अप्रूप वाटते. बोलताना समोरच्याला काय ठाऊक आहे याचा विचार करावा, ही सवय त्या बादल्यांमधूनच लागते.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांच्या बाबतीत तर आपली लिपी आपल्याला हात देते. इंग्रजी अक्षर पाहून निर्णय घेणारे मूल फसते, कारण नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. मी मुलांना सांगतो, शब्द देवनागरीत लिहा आणि पहिला वर्ण पाहा. ‘अवर’, ‘ऑनेस्ट’, ‘अंब्रेला’ यांच्या आरंभी स्वर आहे, म्हणून ‘ॲन’. ‘युनिफॉर्म’, ‘युरोपियन’, ‘वन-रुपी कॉइन’ यांच्या आरंभी व्यंजन आहे, म्हणून ‘अ’. त्याच न्यायाने ‘अ बी.ए.’ पण ‘ॲन एम.ए.’. स्वरापुढे ‘द’चा उच्चार ‘दि’ होतो, तोही याच कसोटीने. या जोडीत ‘ॲन’ हाच थोरला. जुन्या इंग्रजीतील ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला आणि व्यंजनापूर्वी त्याचा ‘न’ गळून ‘अ’ उरला. हा ‘न’ मोठा खोडकर. स्वयंपाकी कमरेला बांधतो तो एप्रन पूर्वी ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ असे ऐकता ऐकता लोकांनी ‘न’ उपपदाला जोडून टाकला आणि ‘ॲन एप्रन’ झाले. खुद्द इंग्रजांचाही या जागी गोंधळ झाला होता, हे कळल्यावर वर्गातले दडपण निम्मे उतरते.

कोठे उपपद लावू नये, हेही शिकवावे लागते. आमचा विद्यार्थी ‘ॲट स्कूल’ असतो, कारण तो शिकण्यासाठी येथे आहे. रविवारी त्याला भेटायला आलेले वडील मात्र ‘टू द स्कूल’ येतात, कारण ते या वास्तूपर्यंत येतात आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जातात. फाटकाच्या आत आणि बाहेर उभ्या असलेल्या त्या दोघांमधले अंतर एका ‘द’ने सांगता येते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नव्याने दाखल झालेल्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर.’ ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे. नुसते ‘फ्यू’ म्हणजे थोडेच, जवळजवळ नाहीतच. सर्वच मुले हा ‘अ’ गाळतात, त्यामुळे तो तेथे घालून पान उलटणे सोपे होते. मी आधी त्याला जवळ बोलावले आणि विचारले, “बाळ, तुला मित्र थोडे आहेत म्हणायचे आहे, की थोडेच आहेत?” तो वहीकडे पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, “थोडेच आहेत, सर.” त्याचे वाक्य बरोबर होते. मी त्याखाली बरोबरची खूण केली आणि संध्याकाळी अधीक्षकांना सांगून त्याची कॉट त्याच्या तालुक्यातील दोन मुलांच्या शेजारी हलवून घेतली. तेव्हापासून गाळलेले उपपद दिसले की लाल पेन उघडण्यापूर्वी मी विचारतो, तुला काय म्हणायचे आहे?

मोठ्या वर्गांना मी ग्रंथालयातील कपाटापुढे नेतो आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथांची नावे वाचायला लावतो. १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावात ‘कास्ट’च्या मागे उपपद नाही. ‘अ कास्ट’ म्हणजे कोणती तरी एक जात, ‘द कास्ट’ म्हणजे एखादी विशिष्ट जात. नुसते ‘कास्ट’ म्हणजे जात ही संपूर्ण व्यवस्था. निर्मूलन करायचे आहे ते तिचे, एखाद्या जातीचे नव्हे. त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये मात्र ‘द’ आहे. सिद्धार्थ हे व्यक्तीचे नाव, म्हणून त्याला उपपद लागत नाही. बुद्ध ही ज्ञानप्राप्तीने मिळालेली उपाधी, म्हणून लागते. एखाद्या मुलाने हे स्वतः ओळखले, तर त्या दिवसाचा तास तेथेच संपला असे मी मानतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एवढीच विनंती आहे की, मूल बोलत असताना उपपदासाठी त्याला मध्येच तोडू नये. लेखनात दुरुस्ती करावी, बोलण्यात ते वाक्य पूर्ण झाल्यावर आपणच एकदा शुद्ध म्हणून दाखवावे. उपपदे चुकली तरी इंग्रजी बोलता येते आणि बोलता बोलता उपपदे सुधारतात. गप्प बसलेल्या मुलाचे मात्र काहीच सुधारत नाही.

दर जूनमध्ये नवी मुले येतात. पहिल्या पहाटे घंटा वाजते, तेव्हा ती त्यांच्यासाठी ‘अ बेल’ असते, कोठून तरी ऐकू आलेली एक घंटा. पंधरा दिवसांत तीच ‘द बेल’ होते. ही स्मरणिका ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती पडेल, ते आज कोणत्याही गावी असोत. ‘द बेल’ म्हटल्यावर कोणती, असे त्यांच्यापैकी एकही जण विचारणार नाही.