कापसाचा स्फोट

दिवाळीत किल्ला बांधायला फारशी अक्कल लागत नाही. दगडविटा रचाव्यात, वर पोतं टाकावं, चिखल थापावा, अळीव पेरावेत, झाला किल्ला. खरी पंचाईत होते ती त्यावर हल्ला करताना.

यंदा कळंब्यातल्या आमच्या अंगणात नातवानं पन्हाळा उठवला. तलावाकडची माती, गंगावेशीतल्या कुंभारांकडचे मावळे. साल १६६०. सिद्दी जौहरचा वेढा पडलेला आणि राजापूरचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीला आलेला. एवढा इतिहास मी रंगवून सांगितला, तर चिरंजीव विचारतात, "मग आजोबा, स्फोट कुठाय?"

त्याच्या मते बुरुजात एक सुतळी बॉम्ब ठेवला की काम भागत होतं. पण खऱ्या स्फोटात एक मोठी खोट असते. तो पाहुणे येईपर्यंत थांबत नाही. तेव्हा कापूस! हसू नका. एच. जी. वेल्ससारख्या लेखकानं खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. आजही तिकडे मोठमोठी माणसं टेबलावर युद्धं मांडतात आणि धुरासाठी कापूसच पिंजतात.

कापूस दाबायचा नाही, ओढून विरळ करायचा. मधे तार, बुडाशी निमुळता, वर फुललेला. बुडाला हळदकुंकवाची झाक, आत पिवळा लुकलुकता दिवा, आणि उडालेली माती म्हणून डिंकानं चिकटवलेली चहाची पूड. नातवाला सिनेमातल्यासारखा काळा धूर हवा होता. मी ठाम राहिलो. सोरा, कोळसा नि गंधक यांची दारू जळली की निम्म्याहून जास्त ऐवज बारीक कण होऊन हवेत राहतो, म्हणून तिचा धूर पांढराफेक. सिनेमातला आगीचा लोळ पेट्रोलचा असतो, आणि १६६० साली पन्हाळ्यावर पेट्रोल पंप नव्हता.

इकडे घरातली उशी रोज बारीक होत चालली. "हा वेढा उठणार कधी?" सौभाग्यवतींनी विचारलं. खऱ्या वेढ्यातून महाराज निसटायला मार्च ते जुलै लागले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

स्फोट तयार झाला. आता ठेवायचा कुठे? या खेळाचा नियम सरळ आहे: धुराखाली सापडला तो गेला. नातवानं तो तटावर टेकवला. खाली भालदार उभा. उचलून बुरुजावर नेला, तिथे तुतारीवाला. "सिद्दीच्या छावणीत टाक की," मी म्हटलं. तिकडे गेला, वाकून बघत बसला. त्या सैनिकांच्या मिशा त्यानंच रंगवल्या होत्या. एकाचा तुटका हात आदल्याच रात्री चिकटवलेला. शेवटी दोन्ही फौजांच्या मधल्या उतारावर, जिथे चिटपाखरू नव्हतं, तिथे त्यानं स्फोट ठेवला.

"नेम कुणाचा चुकला रे?"

"दोघांचापण."

संध्याकाळी शेजारचे काका किल्ला बघायला आले. चष्मा सावरून म्हणाले, "वा! ढग काय झकास उतरलाय!"

नातवानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "व्हय काका, पावसाळ्यातला वेढा हाय."