शिरोरेघ आणि तिचा कल

पुण्याच्या नारायण पेठेत बसून अक्षरे रेखाटणाऱ्याला टिळकांचा केसरीवाडा हा केवळ राजकारणाचा वाडा वाटत नाही. कारण ज्या टिळकांनी १९०५ साली काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत भारतीय भाषांना एकच लिपी असावी असा पक्ष मांडला, त्याच टिळकांनी देवनागरी खिळ्यांचा अवाढव्य पसारा आटोक्यात आणण्याचा उद्योगही मोठ्या चिकाटीने केला होता. मथळ्यांसाठी जो ठळक, तिरपा आणि डोळ्याला सर्वत्र सारख्या जाडीच्या भासणाऱ्या रेघांचा टंक मी सध्या घडवीत आहे, त्याच्या अडचणींचे मूळ त्या खिळ्यांतच आहे. ‘डिग्री’ पद्धतीच्या खिळ्यांच्या जुळणीत मात्रा, रफार, उकार हे सुटे तुकडे असत आणि प्रत्येक खिळ्याचे अंग काटकोनी असे. तिरप्या अक्षराचे टोक त्या अंगाबाहेर डोकावले, की छपाईच्या दाबाखाली ते मोडण्याची धास्ती. म्हणून जुळारी मजकुरावर भर देई तो आकाराने किंवा काळेपणाने, कलाने क्वचितच. संगणकाने ही अडचण एका आज्ञेत नाहीशी केली, आणि सरळ अक्षराला नुसते ढकलून तिरपे म्हणवण्याची अनिष्ट चाल तेव्हापासून रूढ झाली.

रोमन तिरप्या अक्षराला कुळी आहे: १५०१ साली व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेल्या तशा अक्षरांत ग्रंथ छापला, आणि ते वळण त्या काळच्या हस्ताक्षरावरून उचललेले होते. आपल्याकडे ती कुळी शोधायची तर पेशवे दफ्तराच्या रुमालांत शोधावी. मोडी लिहिणारा कारकून ओळभर रेघ आधी ओढून घेई आणि मग बोरू शक्य तो न उचलता तिच्याखाली हुकूम, कैफियती, जमाखर्च झरझर उतरवी. रेघ आडवी, स्थिर, आणि तिला लोंबणारी अक्षरे घाईच्या हातात उजवीकडे कललेली. माझ्या टंकाचा सारा न्याय मी येथून घेतला आहे.

‘मूर्ती’ हा एकच शब्द पाहावा. सरळ ठळक ‘मूर्ती’ यंत्राने दहा अंश ढकलली, तर ‘त’च्या वळणात वरच्या उजव्या कोपऱ्याला शाई साकळल्यासारखी रेघ फुगते आणि खालच्या उजव्या अंगाला तीच क्षीण होते, ‘म’ची गाठ आधीच जाडीने बुजू पाहते, ती पुरती बुजते, दीर्घ उकार काना सोडून डावीकडे घसरतो, आणि वेलांटीच्या माथ्यावरचा रफार पुढच्या शब्दाच्या हद्दीत शिरतो. हे सगळे पुन्हा हाताने रेखाटावे लागते. गाठ मी उघडी ठेवतो, उकाराचा देठ कान्याच्या पायथ्याशी परत आणतो, वेलांटीची कमान थोडी आखडती घेतो, म्हणजे रफाराला हक्काची जागा मिळते. शिरोरेघ कान्याहून बारीक ठेवावी लागते. दोन्ही सारख्या जाड केल्या तर ओळीवर तुळई घातल्यासारखे दिसते आणि खालची अक्षरे गुदमरतात.

असे अक्षर थोडक्या शब्दांसाठी असते. वृत्तपत्राचा मथळा, गणेशोत्सवातील कापडी फलक, लक्ष्मी रस्त्यावरची दुकानाची पाटी, जी माणूस चालता चालता वाचतो, तेथे या कलाला अर्थ आहे. ग्रंथाच्या सलग मजकुरात ते घालू नये, असे माझे निश्चित मत आहे; परिच्छेदभर कललेल्या कान्यांतून वाट काढताना डोळा थकतो, आणि भर द्यायला मराठी वाक्यापाशी शब्दक्रम आहे, ‘च’ आहे, ‘ही’ आहे.

अशा थोडक्या शब्दांच्या अक्षरांत नाटकांच्या जाहिरातींचा विषय निघाला की अक्षररचनाकार कमल शेडगे यांचे स्मरण होतेच. त्यांनी नाटकांची शीर्षके एकेक करून हाताने घडवली. एका नाटकाचा ‘र’ दुसऱ्याला उसना दिला नाही. टंकाला ते स्वातंत्र्य नाही, त्याला सर्वांच्या कामास यावे लागते. तरीही त्यातला थोडा अंश राखावा म्हणून शब्दाच्या शेवटी येणाऱ्या दीर्घ वेलांटीचे एक लांब फटकाऱ्याचे रूप आणि ‘ळ’ची दोन वळणे मी संचात घातली आहेत; ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’ची तजवीज अद्याप मनासारखी झालेली नाही, कारण एवढ्या जाडीत तो नाजूक वळसा कलला की शेजारच्या ‘य’ला चिकटतो.