तलवार, ढाल आणि रिकामा हात

एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ढाल असेल, तर बहुतेक मंत्र टाकता येत नाहीत. त्यांना नुसतं तोंड पुरत नाही, बोटांची मुद्रा लागते आणि मुद्रेला एक हात मोकळा लागतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमपुस्तकात हे वाचलं तेव्हा भाच्याला म्हटलं, ज्याने हे लिहिलं त्याने संसार केलेला असणार. तो हसला नाही. त्याच्या लेखी नियम म्हणजे नियम.

वसई गावात होळी नावाच्या भागात आमचं घर आहे. रविवारी दुपारी त्याच्या ओटीवर हा खेळ चालतो. पाच-सहा पोरं, मधे चौकटींचा कागद, वीस बाजूंचे फासे आणि बाजारातून आणलेली सुकेळी. राजेळी केळीच्या बागा आता फार उरल्या नाहीत, त्यामुळे सुकेळी महाग झाली आहेत आणि पोरं ती शेंगदाण्यासारखी खातात, हा माझा एक वेगळा राग. भाचा डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि पंचही. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात. प्रत्येक पात्राला एक क्लास असतो. फायटर लढतो, क्लेरिक देवाच्या नावाने जखमा बऱ्या करतो, विझार्ड पोथी वाचून जादू शिकतो, रोग, म्हणजे चोर, कुलपं उघडतो आणि पाठीमागून वार करतो. अनुभव साठला की लेव्हल वाढते, विसाव्या लेव्हलपर्यंत. मधेच कुणाला वाटलं की आपल्या पात्राने दुसऱ्या क्लासचीही विद्या घ्यावी, तर तो पुढची लेव्हल तिकडे घेतो. याला ते मल्टिक्लास म्हणतात, आणि रविवारची निम्मी भांडणं यावरूनच होतात.

परवाचंच सांगते. एका मुलीचं पात्र फायटर आणि क्लेरिक असं दुहेरी आहे. एका हातात गदा, दुसऱ्यात ढाल, ढालीवर देवाचं चिन्ह. भुयारात तिचा सोबती पडला, रक्त वाहतंय, मरायला टेकला. ती म्हणाली, मी त्याला हात लावून क्युअर वून्ड्स टाकते. डीएम म्हणाला, कुठला हात? तिने ढालीवरचं चिन्ह दाखवलं. ज्या मंत्राला काही सामग्री लागते त्याला ढालीवरचं चिन्ह चालतं. या मंत्राला सामग्री नाही, नुसती मुद्रा आहे, म्हणून मोकळाच हात हवा. हीलिंग वर्ड नुसत्या शब्दांनी लांबूनही चालला असता, पण तो तिने त्या दिवशी तयारच केला नव्हता. शेवटी तिने गदा खाली टाकली, सोबत्याला हात लावला, आणि पुढच्या फेरीत समोरचा राक्षस आला तेव्हा गदा तिच्या पायाशी पडलेली होती. पोरं चडफडली. वॉर कास्टर नावाचं एक कसब घेतलं की ही अडचणच राहत नाही, असं तिला तिथल्या तिथे सुचवण्यात आलं. मला ते कसब आवडत नाही. गदा टाकावी लागली म्हणून तर तो क्षण लक्षात राहिला.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत काढला. पहिल्या पेटीत क्लास तीनच होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. चोर पुढच्या वर्षी आला. दोन विद्या एकत्र मिळत त्या फक्त एल्फ लोकांना, आणि त्यांनाही गंमतशीर अट होती. मोहिमेला निघण्याआधी ठरवायचं, आज मी लढवय्या की मांत्रिक. एकदा निघाल्यावर बदल नाही. 1978 च्या पुस्तकात माणसांसाठी वेगळी वाट निघाली, आणि मला सगळ्यांत आवडलेला नियम तोच. माणसाने जुना क्लास सोडायचा आणि नवा पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचा. सोडलेल्या क्लासचा मुख्य गुण किमान 15 हवा, नव्याचा 17. त्याउपर, नवी लेव्हल जुनीच्या पुढे जात नाही तोवर जुनी विद्या वापरायची नाही. सातव्या लेव्हलचा योद्धा मांत्रिक व्हायला गेला, तर तलवार गुंडाळून ठेवून एका फुटकळ मंत्रावर दिवस काढायचे. राहवलं नाही आणि तलवार उपसली, तर त्या मोहिमेचा सगळा अनुभव बुडाला.

पोरांना हा नियम क्रूर वाटतो. आमच्या ओटीवर चालते त्या, ऑगस्ट 2014 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत दोन्हीकडचे गुण 13 असले की पुरे, आणि पहिल्या क्षणापासून दोन्ही विद्या हाताशी. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण त्या सोयीच्या पोटात जी वजाबाकी आहे ती पोरांना उशिरा कळते. तीन लेव्हल क्लेरिक आणि तीन लेव्हल विझार्ड अशा पात्राला मंत्रशक्तीचे स्लॉट सहाव्या लेव्हलच्या मांत्रिकाइतके मिळतात, तिसऱ्या दर्जाचेसुद्धा. पण तिसऱ्या दर्जाचा एकही मंत्र त्याला येत नाही, कारण मंत्र प्रत्येक क्लासच्या आपापल्या लेव्हलप्रमाणे शिकायचे. टोप मोठा, भात तेवढाच. शेजारी बसलेला सरळमार्गी विझार्ड पाचव्या लेव्हललाच फायरबॉल टाकून आठ फासे उधळतो, आणि आपला दुहेरी पंडित दुसऱ्या दर्जाचाच मंत्र मोठ्या स्लॉटात घालून त्यावर भागवतो. बेरजेलाही हद्द आहे. फायटरला एका खेपेत दोन वार मिळतात, पॅलाडिनला, म्हणजे शपथेने बांधलेल्या योद्ध्याला, तेही मिळतात. दोघांना एकत्र केलं म्हणून तीन होत नाहीत. सुरुवात कुठून केली तेही चिकटून राहतं. आधी फायटर होऊन मग विझार्ड झालात तर जड चिलखत अंगावर चालतं, आधी विझार्ड होऊन मागाहून फायटर झालात तर ते मिळत नाही.

हे सगळं मी खेळात शिकले असं म्हणणार नाही, कारण घरात पाहिलेलं होतं. वडील पहाटे वाडीत पाणी लावत आणि मग गाडी धरून मुंबईच्या कचेरीत जात. वसईतल्या कितीतरी घरांत हेच. वाडीचे कपडे वेगळे, कचेरीचे वेगळे, तरी कचेरीच्या शर्टाच्या कफावर केळीच्या चिकाचा काळपट डाग असायचाच. तो चीक एकदा कापडाला लागला की कशाने जात नाही. आई लिंबू लावून बघायची, रॉकेल लावून बघायची. बढती त्यांना आली होती. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे वाडी दुसऱ्याच्या हाती, म्हणून त्यांनी ती घेतली नाही. खेळाच्या भाषेत विसाव्या लेव्हलचं वरदान गेलं. दोन लेव्हल इकडे खर्चल्या की तिकडचा कळस गाठायचा राहतो, हे पुस्तकात एका ओळीत येतं.

पोरांचं म्हणणं, आत्या, तुम्ही उगाच भावुक होता, हे गणित आहे. त्यांच्यातल्या एकाने पॅलाडिन आणि वॉरलॉक असं पात्र बांधलंय. पॅलाडिनचा दैवी वार मंत्राचे स्लॉट खातो, वॉरलॉकचे स्लॉट तासाभराच्या विश्रांतीत परत भरतात. म्हणजे हाणा, बसा, परत हाणा. हिशेब चोख आहे. मी विचारलं, तुझ्या पॅलाडिनने देवापुढे शपथ घेतली आहे ना? मग त्या पाताळातल्या सत्तेशी करार कधी केला? तो म्हणाला, सहाव्या लेव्हलला. मी विचारलं, का केला? तो बराच वेळ डीएमकडे बघत राहिला. पुढच्या खेपेला मात्र एक आजारी बहीण आणि एक अमावास्या जुळवून घेऊन आला, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर त्याचं पात्र खेळायला जास्त मजा यायला लागली.

मला मात्र 1978 चा नियम वाचताना सारखा आठवतो तो आमचाच गोन्सालो गार्सिया. इथला किल्ला 1534 पासून पोर्तुगीजांकडे होता, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेईपर्यंत. त्या पोर्तुगीज वसईत 1556 च्या सुमारास हा मुलगा जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथली. शिकला जेझुइटांकडे, आणि त्यांच्याबरोबर पोरवयात जपानला गेला. तिथे धर्मशिक्षणाच्या कामात राबला, जपानी बोलायला लागला. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही इच्छा पुरी झाली नाही, म्हणून व्यापारात पडला आणि त्यात चांगला पैसा केला. नंतर मनिलात सगळं सोडून फ्रान्सिस्कन झाला. तेही पाद्री म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून. चालता व्यापार टाकून अगदी खालच्या पायरीवर. इथवर गायगॅक्सचा नियम तंतोतंत लागू पडतो.

पुढे पडत नाही. 1593 मध्ये पेद्रो बाप्तिस्ता फिलिपिन्सहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे दूत म्हणून निघाले, तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता, आणि तो होता गोन्सालो. जी भाषा त्याने पहिल्या आयुष्यात उचलली, व्यापारात जी कामी आली असणार, ती तिसऱ्या आयुष्यात पहिल्याच दिवशी लागली. गुंडाळून ठेवायला सवडच नव्हती. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर दिलं, त्यांत तो होता. 1862 मध्ये पोपने त्यांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. आज वसईतलं कॉलेज त्याच्या नावाचं आहे, गासचं चर्च त्याच्या नावाचं आहे. ओटीवरच्या पोरांपैकी दोघं त्याच कॉलेजात शिकली, पण संत गोन्सालो व्यापारी होता हे त्यांना माहीत नव्हतं.

मग एकदा वाद निघाला, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा क्लास कोणता. नंदाखालचे, आमच्याच तालुक्यातले. धर्मगुरू म्हणून क्लेरिक, हे सगळ्यांना मान्य. 'सुबोध बायबल' लिहिलं, 'सुवार्ता'चं संपादन केलं, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणून बार्डच्या, म्हणजे शाहिराच्या, काही लेव्हल. आणि हरित वसईसाठी बिल्डरांच्या विरोधात उभे राहिले, तेव्हा ड्रुइड, म्हणजे निसर्गाचा पुजारी, तोही हवाच. 1978 च्या पुस्तकात बार्ड व्हायचं तर आधी फायटर, मग चोर आणि मग ड्रुइडांकडे शिक्षण असा तिपेडी रस्ता होता. चोराच्या टप्प्यावर आमच्या ओटीवर एकच गदारोळ झाला. धर्मगुरू संमेलनाध्यक्ष कसा, असा आक्षेप त्या वेळी घेणारे होतेच. त्यांना एल्फांचा नियम पसंत पडला असता, निघतानाच ठरवा, आज पाद्री की लेखक. फादर 2024 च्या जुलैत गेले. वाद अनिर्णित राहिला.

माझं स्वतःचं पात्र पाचव्या लेव्हलची म्हातारी शिपाई आहे. तिला विझार्ड व्हायचं होतं. मी डीएमला म्हटलं, मला 1978 चाच नियम लाव. बुद्धी सतरा हवी होती, माझी चौदाच. तेवढी सूट त्याने दिली, आत्या म्हणून. तलवार पाठीवर बांधली, पहिल्या लेव्हलचे दोन मंत्र घेतले आणि निघाले. पहिल्याच पुलावर ओगर आडवा आला. माझे दोन्ही मंत्र संपले, पॅलाडिन-वॉरलॉक तासाभराची विश्रांती मागत होता, आणि ती गदावाली मुलगी जमिनीवर पडली. पोरं ओरडली, आत्या, तलवार काढा! मी काढली. फासा टाकला, एकोणीस आला. ओगर नदीत गेला.

भाच्याने पेन्सिल उचलली आणि माझ्या कागदावर त्या मोहिमेच्या अनुभवापुढे शून्य लिहिलं. बाकीच्यांनी त्याच्याशी हुज्जत घातली, संत गोन्सालोचा दाखला दिला, पण तो बधला नाही. मी म्हटलं, बरोबर लिहिलंस, आता ती सुकेळी इकडे दे.