तिथीची पाऊणपट

समुद्रावर मांडणशिल्प करायचं म्हटलं की आधी निळा रंग सुचतो. निळं कापड, निळे दिवे, भिंतीवर लाटांची चित्रफीत, स्पीकरमधून गाज. माणूस आत येतो, फोन काढतो, निघून जातो. आमच्या धंद्यात अशा कामांना चांगली मागणी आहे, आणि त्यात अवघड असं काही नाही. पण तिथून बाहेर पडलेल्या माणसाला आज समुद्र भरलेला होता की उतरलेला, असं विचारून बघा.

सध्या माझ्या टेबलावर आराखडा आहे तो परळी वैजनाथचा. एका जुन्या दुमजली वाड्याचा उघडा चौक, आणि त्यात किनारा आणायचा. परळीपासून समुद्र सरळ रेषेत चारशेएक किलोमीटर. मध्ये बालाघाट, मग पठार, मग सह्याद्री. २०१३च्या दुष्काळात खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून इथल्या औष्णिक वीज केंद्राचे संच बंद करावे लागले होते. अशा गावात समुद्राचं काय काम, हा प्रश्न मला रीतसर विचारला गेला आहे.

तरी परळीला समुद्र अगदीच परका नाही. समुद्रमंथनातून निघालेले धन्वंतरी आणि अमृत विष्णूने इथल्या लिंगात दडवले, दानव हात लावायला गेले तेव्हा ज्वाळा उठल्या, भक्तांनी हात लावला तेव्हा अमृत पाझरलं, अशी इथली कथा आहे. परंपराही स्पर्शदर्शनाची. लांबून बघून परळीकराचं समाधान होत नाही. माझ्या कामाला हे फार सोयीचं आहे, कारण नुसतं बघायला लावणाऱ्या मांडणशिल्पाविषयी मलाही शंकाच वाटते.

या बाबतीत आपल्याकडे झालेलं मोठं काम मुंबईच्या ससून डॉकचं. १८७५चा हा धक्का, आजही पहाटे मासळीच्या लिलावाने गजबजणारा. २०१७मध्ये ‘स्टार्ट इंडिया’ संस्थेने तिथली जुनी गोदामं कलाकारांना उघडून दिली. सिंगापूरच्या टॅन झी शी यांनी प्लॅस्टिकचा कचरा छतापासून असा टांगला की खालून चालणारा पाण्याखाली असल्यासारखा वर बघत राही. हनीफ कुरेशी यांनी तर धक्क्याच्या वासावरच काम केलं. आधीच्या वर्षी कोची बिएनालेत चिलीचे कवी राऊल झुरिता यांनी एका लांबलचक दालनात समुद्राचं पाणी भरलं होतं; भिंतीवरचे शब्द वाचायचे तर पाण्यातून चालत जावं लागे. क्रोएशियातल्या झादर शहरात निकोला बाशिच यांनी २००५मध्ये किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसवल्या. लाट आत शिरली की हवा दाबली जाते आणि पायऱ्या वाजतात. तिथल्या समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम, म्हणून सारा भार लाटांवर.

ही सगळी कामं अंगाला भिडतात. पण त्यांच्या दाराशी समुद्र होता. परळीत आणता काय येईल? पाणी नाही, टँकरने खारं पाणी ओतणं दुष्काळी गावात निर्लज्जपणाचं दिसेल. वास नाही, ज्योतिर्लिंगाच्या गावात मासळीचा वास सोडला की सगळी चर्चा वासावरच अडेल. गाज ध्वनिमुद्रित केली की ती पंख्यासारखी ऐकू येते. न बिघडता चारशे किलोमीटर येऊ शकते ती एकच गोष्ट, वेळ.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीसाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा भरतीचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. हिशेब ढोबळ, पाऊण तास ते तासभर इकडे-तिकडे होतो. पण रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते ते यात नेमकं सापडतं. आणि तिथी तर परळीत घरोघरी भिंतीवर टांगलेली असते. एकादशी, प्रदोष, शिवरात्र बघायला ज्या कॅलेंडरवर बोट फिरतं, त्यातच समुद्राचं वेळापत्रक दडलेलं आहे. फक्त गुणाकार कुणी केलेला नाही.

म्हणून आराखडा असा. चौकभर रापणीचं जुनं जाळं आडवं ताणायचं, आणि ते मुंबईच्या भरती-ओहोटीबरहुकूम वर-खाली करायचं. अपोलो बंदरावर भरतीची मोजणी १८७८पासून आहे आणि छापील तक्ते मिळतात, त्यामुळे इथे ढोबळपणा नको. उधाणाच्या दिवसांत मुंबईला ओहोटी आणि भरतीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो; रत्नागिरीला त्याच्या साधारण निम्मा. वाड्याच्या चौकाला चार मीटर पेलतात. पूर्ण ओहोटीला जाळं फरशीवर, पूर्ण भरतीला डोक्याच्या बरंच वर.

जाळ्यात मी माणूस उभा राहील एवढे मोकळे घेर ठेवले आहेत, कडेला सुती दोर गुंफलेले. घेरात उभं राहायचं, बस्स. समुद्र एकसारखा चढत नाही. चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चार मीटरच्या उधाणात मधल्या तासांत जाळं तासाला मीटरभर चढेल. म्हणजे दोर कमरेपासून छातीपर्यंत यायला वीस-पंचवीस मिनिटं. डोळ्यांना हालचाल दिसत नाही. अंगाला मात्र दोर वर आलेला कळतो.

अडचणी पुष्कळ आहेत. जाळ्याला झोळ पडतो. खालून तारा ताणल्या तरी मध्ये वीतभर उरतोच, तो मी राहू देणार. जुनं जाळं कितीही धुतलं तरी पावसाळी हवेत थोडा वास सोडतंच. प्रत्येक कोपऱ्याला दुहेरी दोर, कारण खाली माणसं आहेत. मोटर बसवा असं सगळे सुचवतात. मी रहाट बसवतो आहे, दातेरी चाक आणि खटक्यासह. रहाटावर गावातलाच पगारी माणूस, हातात तक्ता. पोरं ‘आम्हाला फिरवू द्या’ म्हणणार, आणि त्याने नाही म्हणायचं. भरती कुणाच्या हौसेने चढत नाही.

खरा वाद भांगाच्या दिवसांवर आहे. अष्टमी-नवमीच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एकमेकींना छेद देते, पाणी थोडंच हलतं. त्या दिवशी जाळं दिवसभर डोक्याच्या आसपास रेंगाळेल. तालुक्याहून गाडी करून आलेली मंडळी वैतागतील. त्या दिवसांपुरता चढ वाढवून दाखवा, असा सल्ला मला मिळाला आहे. मी तो ऐकणार नाही. भांगाला समुद्र कंटाळवाणा असतो आणि मच्छीमाराचा दिवस त्यावरून ठरतो. ते झाकलं तर उरतो फक्त पाळणा.

दारावर फळा असेल. त्यावर आजची तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ. समुद्राचा फोटो नाही. इथल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी मुंबई-नवी मुंबईला आहे. कुणीतरी आतूनच पुतण्याला फोन लावील आणि खाडीला पाणी चढलंय का ते विचारील, अशी माझी अटकळ आहे. म्हणून चौकात फोनला मनाई नाही.

महाशिवरात्रीचं तेवढं ठरत नाही. माघ वद्य चतुर्दशी, चौदाची पाऊणपट साडेदहा. तक्त्याप्रमाणे त्याहून जरा उशिरा. म्हणजे दर्शनाची रांग ऐन भरात असताना जाळं सगळ्यात उंच. मालक म्हणतात, त्या दिवशी वाडा बंद ठेवा, गर्दी आवरणार नाही. माझं म्हणणं, रांगेतल्यांना दहा-दहा करून आत घ्या. रहाटवाल्याला मात्र त्या दिवशी सुट्टी हवी आहे.